बंदरवाल्यांच्या संघटना दिल्लीत काय मागतात, आणि ते बंदराजवळच्या करळ फाट्यावर कसं उतरतं?

न्हावाशेवेकर | सोमवार, रात्री १०:१५

मंडळी, गेल्या आठवड्यात उरण-पनवेलच्या ट्रॅफिकवर बोलणं चाललं होतं, तेव्हा कोणीतरी लिहिलं होतं, "हे सगळं बंदराच्या लॉबीचं काम." ते वाक्य डोक्यातून जाईना. मी २२ वर्षं न्हावा शेव्याला, म्हणजे जेएनपीटी बंदरात, क्लिअरिंगच्या (कस्टममधून माल सोडवायच्या) धंद्यात आहे. त्यातली सहा वर्षं एका व्यापारी संघटनेच्या समितीवर काढली. नाव लिहीत नाही. पण ही लॉबी म्हणजे काय, ती बसते कुठे, लिहिते काय, हे जवळून पाहिलंय आणि थोडं स्वतःच्या हाताने केलंयही. म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट म्हणजे बंदराची अशी एकच लॉबी नाही. इंडियन पोर्ट्स असोसिएशन १९६६ पासूनची, पण ती केंद्राच्या ताब्यातल्या मोठ्या बंदरांची, म्हणजे सरकारच्याच घरातली. खासगी बंदरं आणि टर्मिनलवाल्यांची संघटना निराळी. सीएफएसवाल्यांची, म्हणजे बंदराबाहेर माल ठेवायच्या-तपासायच्या यार्डांची निराळी, जहाजमालकांची निराळी, शिपिंग लाइनच्या एजंटांची, कस्टम ब्रोकरांची, निर्यातदारांची निराळी. ट्रेलरवाल्यांच्या तर एकाच फाट्यावर दोन-तीन. सगळ्यांचं पोट एकाच पेटीवर, म्हणजे कंटेनरवर. त्यामुळे एकाला सवलत मिळाली की बहुतेक वेळा ती दुसऱ्याच्या खिशातून जाते.

डीपीडीचंच, म्हणजे डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीचंच बघा. पूर्वी आयातीची पेटी जहाजावरून उतरली की शिपिंग लाइन सांगेल त्या सीएफएसला जायची. तिथे उचल-ठेव, ग्राउंड रेंट, तपासणीची मजुरी, आणि मग दुसरी गाडी करून आयातदाराच्या गोदामात. २०१६ पासून सरकारने डीपीडी जोरात रेटली. ठरावीक आयातदारांनी पेटी टर्मिनलवरूनच उचलायची, तीही ४८ तासांत. सुरुवातीला असा माल शेकडा पाचच्याही आत होता, दीड-दोन वर्षांत तो चाळीसच्या घरात गेला. सीएफएसवाल्यांच्या संघटनेने जीव तोडून विरोध केला. बंदराभोवती तीसहून जास्त सीएफएस उभे होते, जमिनीत आणि यंत्रांत पैसा अडकला होता, माथाडींची पोटं त्यावर होती. त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. आयातदाराने वेळेत पेटी उचलली नाही तर टर्मिनलचं यार्ड तुंबतं, आणि छोट्या आयातदाराकडे लगेच उभी करायला गाडीही नसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तरी ते हरले. कारण त्या वर्षांत सरकारला जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या क्रमवारीत वर जायचं होतं, आणि मुंबईच्या बाजूची मोजणी न्हावा शेव्यावरून व्हायची. सीमापार व्यापाराच्या यादीत भारत १४६व्या जागेवरून एका वर्षात ८०वर आला तो २०१८ मध्ये. आयातदारांच्या संघटना आपल्या प्रत्येक पत्रात "पेटी किती तासांत सुटते" हा एकच आकडा पुढे करत होत्या, आणि मंत्रालयालाही नेमका तोच हवा होता. सीएफएसवाले स्वतःचं नुकसान मांडत राहिले. मी तेव्हा शिकलो ते हे, की निवेदन आपल्या दुःखावर लिहून चालत नाही. समोरच्या सचिवाला वर काय दाखवायचंय, ते ओळखून लिहावं लागतं.

आता जे खरं सांगायचंय ते. आमच्या समितीने एकदा गेटबाहेरच्या खोळंब्यावर निवेदन केलं होतं. आकडे कुठून आणायचे? आमच्या ऑफिसातल्या पोरांनी ११ दिवस गेटवर उभं राहून ड्रायव्हरांच्या पावत्यांवरून वेळा उतरवल्या. शाळकरी वही, निळं पेन, पावसाने भिजलेली पानं. गाडी नंबर, रांगेत लागली कधी, आत गेली कधी, बाहेर आली कधी. शेवटच्या रकान्यात पोरांनी आपल्या मनाने काही लिहिलं होतं: "पाणी नाही", "संडास नाही", "सकाळपासून जेवण नाही". मी ते सगळं मांडून चौथ्या पानावर एक परिच्छेद केला. अंतिम मसुदा हातात आला तेव्हा चौथं पान होतं, तो परिच्छेद नव्हता. विचारल्यावर उत्तर आलं, "हा विषय राज्याचा आहे, केंद्राच्या पत्रात तो घातला तर मूळ मागणी पातळ होते." हिशेब म्हणून ते बरोबरही असेल. पण वही ज्यांच्यामुळे भरली, त्यांचाच रकाना गळाला होता. मी सहीला हात घातला आणि सही केली. ती सही मला आजही टोचते.

तुमच्यापैकी कोणी यात काम केलं असेल, किंवा दुसऱ्या बाजूने भोगलं असेल, तर लिहा.

गव्हाणफाटा | सोमवार, रात्री ११:०२

दादा, माझ्या दोन गाड्या आहेत, चाळीस फुटी ट्रेलर. एक मी स्वतः चालवायचो, आता कंबरेमुळे पोरगा चालवतो. तुमचा तो परिच्छेद मी न वाचताही पाठ सांगू शकतो.

ट्रेलरसाठीचा पार्किंग प्लाझा झाल्यापासून फरक पडलाय, ते नाकारत नाही. त्याआधी करळपासून मागे रस्त्याच्या कडेलाच रात्र काढायचो. पण वेळेचा हिशेब बघा. पेटी उशिरा परत गेली तर शिपिंग लाइन डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार लावते, दिवसाच्या हिशेबाने, डॉलरमध्ये. टर्मिनलला उशीर झाला तर पार्टी, म्हणजे मालवाला, आमच्या भाड्यातून कापते. आम्ही रांगेत आठ तास उभे राहिलो त्याचं मात्र बिल कोणाला करायचं? गाडी थांबली तरी फायनान्सचा हप्ता थांबत नाही.

आणि २०१८ मधलं एक्सल लोडचं आठवतं का? जुलैमध्ये केंद्राने वजनाची मर्यादा वाढवली. तीन एक्सलची गाडी २५ टनांवरून साडेअठ्ठावीसवर गेली. माल पाठवणाऱ्यांना आनंद झाला, तेवढ्याच फेरीत जास्त माल जाणार. आमच्याकडे काय झालं? तोच माल कमी गाड्यांत बसायला लागला, भाडं पडलं, वाढीव वजनाने टायर आणि पाटे लवकर जायला लागले. त्याच महिन्यात २० तारखेपासून देशभर चक्का जाम झाला होता, आठ दिवस. मागण्या डिझेल, टोल आणि विम्याच्या. आम्हाला रस्त्यावर गाड्या उभ्या कराव्या लागतात तेव्हा कुठे कोणी बोलावतं. तुमच्या संघटना न थांबता, एसीत बसून तेच काम करतात. रागाने नाही लिहीत, फरक सांगतोय.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ८:२०

गव्हाणफाटा दादा, एसीत बसून काम करण्याच्या तुमच्या वाक्यावरच लिहावंसं वाटलं. मी एका संघटनेच्या कार्यालयात नोकरीला होते, दिल्लीत पाच वर्षं. कामच ते. तेव्हा लॉबिंग आतून कसं चालतं ते सांगते, कारण बाहेर त्याबद्दल सूटकेस आणि पार्ट्या अशाच कल्पना आहेत. माझ्या वाट्याला आलं ते नव्वद टक्के टंकन.

वर्ष ठरलेलं असतं. हिवाळा आला की अर्थसंकल्पपूर्व निवेदन, त्यात सीमाशुल्क, जीएसटी, ड्रेजिंगवरचे (गाळ काढण्यावरचे) कर. मंत्रालयाने "भागधारकांची बैठक" बोलावली की आदल्या रात्री पाच पानांचं टिपण. वाहतूक, पर्यटन आणि संस्कृतीची संसदीय स्थायी समिती एखादा विषय घेते, तेव्हा लेखी म्हणणं आणि कधी प्रत्यक्ष साक्ष. राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलं, त्यात ई-लॉग्स नावाचं पोर्टलच ठेवलंय, उद्योगांच्या संघटनांनी अडचणी थेट तिथे नोंदवायच्या आणि अधिकाऱ्यांच्या गटाने त्या सोडवायच्या. म्हणजे दारावर पाटी लावून रस्ता दिलाय. पण पाटीवर "संघटनांसाठी" असं आहे. दोन ट्रेलरवाल्या माणसासाठी ते दार नाही.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. खरं वजन बैठकीत पडत नाही, बैठकीच्या आधी पडतं. सहसचिवाच्या हाताखाली तीन-चार माणसं, आणि त्यांच्याकडे बंदर, रेल्वे, रस्ता, किनारी जहाजवाहतूक असं सगळं. त्यांना कोणीतरी नीट तक्ता करून दिला, तर तो तक्ता टिपणात जातो, टिपण मसुद्यात जातं, आणि मसुदा प्रसिद्ध झाल्यावर बदलतात ते फक्त स्वल्पविराम. २०१४ च्या धोरणाप्रमाणे केंद्राने कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. चांगली गोष्ट आहे, पण त्या ३० दिवसांत येणारा माणूस उशिराच आलेला असतो.

संघटनेच्या आतली ओढाताण तर वेगळीच. ज्याची वर्गणी मोठी त्याचा मुद्दा पहिल्या पानावर. ज्यावर सभासदांत भांडण, तो मुद्दा गाळायचा. न्हावाशेवेकर दादांचा परिच्छेद कोणी दुष्टपणाने काढला नसेल. त्या खोलीत त्याच्यासाठी भांडणारा सभासदच नव्हता.

दर्यावर्दी | मंगळवार, दुपारी १:४५

तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस आहे, म्हणून समुद्राच्या बाजूची एक लढाई सांगतो.

१९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात कलम ४०७ होतं. भारताच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर परदेशी झेंड्याच्या जहाजाला परवाना लागायचा, आणि भारतीय जहाज उपलब्ध असेल तर पहिला हक्क त्याचा. टर्मिनलवाल्यांचं म्हणणं असं, की या अटीमुळे आपल्या पेट्या कोलंबोला जातात आणि तिथून मोठ्या जहाजावर चढतात. हे खोटं नाही. मंत्रालयाचाच आकडा आहे की आपल्या ट्रान्सशिपमेंटच्या, म्हणजे वाटेत जहाज बदलणाऱ्या मालापैकी जवळपास ७५ टक्के परदेशी बंदरांत हाताळला जातो, आणि त्यातला मोठा भाग कोलंबो, सिंगापूर आणि पोर्ट क्लांगला. केरळात वल्लारपाडमला २०१२ मध्ये आधी सूट मिळाली. मग २१ मे २०१८ ला नौवहन महासंचालनालयाने आयात-निर्यातीच्या ट्रान्सशिपमेंट पेट्या आणि रिकाम्या पेट्यांसाठी ती अट सगळ्या किनाऱ्यावर उठवली.

आमच्या जहाजमालकांच्या संघटनेने कडाडून विरोध केला होता. भारतीय जहाजाने इथले कर भरायचे, इथले खलाशी ठेवायचे, आणि शर्यत करायची ती सोयीचा, म्हणजे कर आणि नियम सैल असलेल्या देशाचा झेंडा लावलेल्या जहाजाशी. तेव्हा मी किनाऱ्यावर होतो, आणि माझ्याबरोबरचे दोन-तीन दुय्यम अधिकारी काम शोधत फिरत होते. बंदरवाल्यांनी दाखवलेलं नुकसान पेट्यांत मोजता येत होतं. आमचं नुकसान म्हणजे दहा वर्षांनी भारतीय खलाशी आणि भारतीय जहाजं किती उरतील हे. ते कुठल्या तक्त्यात बसवायचं?

२०२५ मध्ये किनारी जहाजवाहतुकीचा स्वतंत्र कायदा झाला आणि परदेशी जहाजांना परवान्याची चौकट त्यात ठेवली आहे. ती कशी वापरतात यावर सगळं.

सवानाकर | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

मी जॉर्जियात सवाना बंदराजवळ राहते, गोदामांच्या धंद्यात आहे. इथलं एक उदाहरण देते.

अमेरिकेत १९८६ पासून बंदरातून येणाऱ्या मालावर हार्बर मेंटेनन्स कर आहे, १०० डॉलरच्या मालावर साडेबारा सेंट. पैसा बंदरांच्या खोलीकरणाला लागावा म्हणून. निर्यातीवर तो लावणं घटनेत बसत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला, तेव्हापासून तो मुख्यतः आयातीवर उरला. पण वर्षानुवर्षं कर गोळा होत राहिला आणि पूर्ण खर्च झालाच नाही. शिल्लक वाढत गेली आणि जहाजांच्या वाटांत गाळ साचत गेला. बंदरांची संघटना, अमेरिकन असोसिएशन ऑफ पोर्ट अथॉरिटीज, वर्षानुवर्षं हीच एक मागणी धरून बसली: जो कर बंदरातून घेता तो बंदरावर खर्च करा. २०१४ च्या कायद्यात खर्चाची उद्दिष्टं आली, २०२० मध्ये अडकलेला पैसा मोकळा करायची तरतूद झाली. म्हणजे एक वाक्य मान्य व्हायला कितीतरी वर्षं.

त्यातही आपसात मारामारी होतीच. लॉस एंजेलिससारख्या बंदरातून कर भरपूर गोळा होतो, पण त्याला गाळ काढायची गरज कमी. त्यांचा प्रश्न असा की आमचा पैसा दुसऱ्याच्या गाळात का घालायचा.

मला इथली एक गोष्ट मोलाची वाटते. १९९५ च्या कायद्याने पगारी लॉबिस्टला नोंदणी करावी लागते. कोणाकडून किती पैसे घेतले, कुठल्या विषयावर कोणत्या खात्याला भेटला, ते दर तिमाहीला उघड करावं लागतं. मी घरी बसून ते वाचू शकते. भारतात अशी नोंदवही नाही. आकडेमोड ताई जे तक्ते म्हणतात, ते कोणी दिले हे नागरिकाला कळायची सोय नाही, आणि मला तीच मोठी उणीव वाटते.

जासईची लेक | मंगळवार, रात्री ९:३०

सगळं वाचलं. आता आमच्या बाजूचं.

तुम्ही सगळे म्हणताय, मसुद्याच्या आधी पोचलं पाहिजे. आमची उरणची गावं कधी पोचली सांगते. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण गेले. माझे आजोबा त्या गर्दीत होते. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. आणि जेएनपीटीच्या प्रकल्पग्रस्तांना त्याची इरादापत्रं वाटली गेली ती २०१४ मध्ये. मधली ३० वर्षं मोजा.

कोळ्यांचं बघा. चौथ्या टर्मिनलच्या भरावाने खाडीतली मासेमारी गेली. त्यासाठी पारंपरिक मच्छीमारांना हरित लवादाकडे जावं लागलं. २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाखांची भरपाई ठरवली. म्हणजे आधी भराव, मग खटला, मग भरपाईचा आकडा. संघटना मसुद्याच्या आधी बोलते आणि गाव नुकसान झाल्यावर बोलतं. आम्हाला बोलता येत नाही असं नाही. आम्हाला विचारलं जातं तेव्हा खांब उभे झालेले असतात.

आता पागोटे ते चौक हा सहा पदरी रस्ता मंजूर झालाय, मार्च २०२५ मध्ये, २९ किलोमीटर, साडेचार हजार कोटींचा. मंत्रिमंडळाच्या टिपणात कारण दिलंय की बंदरापासून द्रुतगती महामार्गापर्यंत जायला दोन ते तीन तास लागतात, पळस्पे फाटा, कळंबोली, पनवेल इथे कोंडी होते. ते वाचून मला हायसंच वाटलं, कारण माझी मुलगी त्याच कोंडीतून कॉलेजला जाते. रस्ता नको असं मी म्हणत नाहीये. सर्व्हिस रोड कुठे, गावातून पलीकडे जायला भुयारी मार्ग कुठे, पावसाचं पाणी कुठल्या बाजूला वळणार, एवढंच विचारतेय. भरावाच्या कडेला राहणाऱ्याला पाण्याचा प्रश्न पहिला पडतो.

डहाणूहून | मंगळवार, रात्री १०:०५

ताई, आमच्याकडे वाढवणला तेच चाललंय. जून २०२४ मध्ये ७६ हजार २२० कोटींच्या बंदराला मंजुरी, ७४ टक्के जेएनपीए (पूर्वीचं जेएनपीटी) आणि २६ टक्के महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड. आमच्याकडे विरोध आधीपासून आहे, मसुद्याच्याही आधीपासून. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाही म्हटलं होतं, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने हो म्हटलं. तेव्हा वेळेवर पोचलं की झालं, असं मला वाटत नाही. संघर्ष समिती वेळेवरच पोचली होती.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ७:५०

डहाणूहून, तुमचं म्हणणं मान्य. माझ्या उत्तरात ती बाजू राहून गेली. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला थांबवणं आणि चालू धोरणातलं एक कलम बदलून घेणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संघटना सहसा दुसरंच मागते, म्हणून तिला यश जास्त दिसतं.

पण ड्रायव्हरांच्या पाण्या-संडासाचा मुद्दा दुसऱ्या प्रकारचा आहे, तो मिळण्यासारखा आहे. २०२१ च्या मेजर पोर्ट अथॉरिटीज कायद्यानंतर दर आणि जमिनीचे बरेच निर्णय बंदराच्या मंडळाकडे आलेत. त्या मंडळावर राज्य सरकारचा प्रतिनिधी असतो, कामगारांचेही दोन असतात. म्हणजे "हा विषय राज्याचा" हे उत्तर आता पुरत नाही, राज्य त्याच टेबलावर बसलेलं आहे. पत्र दिल्लीला लिहायचं कारण नाही. मंडळाला लिहा, प्रत कामगार प्रतिनिधींना द्या. आणि भावना कमी, वेळा जास्त.

न्हावाशेवेकर | बुधवार, दुपारी ३:१५

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दिल्लीच्या पत्रांची इतकी सवय झाली होती की हाताजवळचं टेबल दिसलं नाही.

ती वही माझ्याकडेच आहे. काल रात्री कपाटातून काढली. काही पानं चिकटलीत, पण आकडे वाचता येतात. ते जुने झाले, पार्किंग प्लाझाच्या आधीचे. नवे लागतील. या वेळी पोरांना गेटवर उभं करणार नाही. ज्यांच्या हातात पावत्या असतात, त्यांच्याकडूनच घेणार. गव्हाणफाटा, तुमच्या दोन गाड्या आणि ओळखीच्या आणखी आठ-दहा, महिनाभर रोजच्या वेळा मिळाल्या तर मी तक्ता करतो. नावं नकोत, नंबर नकोत. रांगेत कधी, आत कधी, बाहेर कधी. आणि शेवटचा रकाना ठेवणार आहे. तो आता पहिल्या पानावर जाईल. जासईच्या ताई, पाण्याच्या निचऱ्याचं तुम्ही वेगळं लिहून द्या, ते दुसरं पत्र होईल, या पत्रात मिसळायला नको.

गव्हाणफाटा | बुधवार, रात्री ९:४०

पोराला सांगितलंय. तो म्हणतो ग्रुपवर टाकतो, बाराजण तयार आहेत.

आजची पहिली पावती घ्या. रांगेत १४:१०. गेटच्या आत २१:३५. शेवटचा रकाना: पाणी विकत घेतलं, दोन बाटल्या, ४० रुपये.